सांगाड्यांच्या फौजेपुढं माझे भालेकरी

अप्पा,

मी मेलेल्यांच्या फौजेशी लढले. हसू नका, आधी ऐकून घ्या. तुम्ही म्हणाल, पोरगी भुताखेतांच्या नादी लागली, एवढं शिकवलं ते वाया गेलं. तसलं काही न्हाई. खेळ होता तो, टेबलावरचा. बोटाएवढे शिपाई, नीट रंगवलेले, हातात भाले न् ढाली. आणि समोर तेवढीच हाडांच्या सांगाड्यांची फौज, जिला मरण न्हाई, कारण ती आधीच मेलेली. हे सगळं गुलबर्ग्यात, एका डॉक्टरांच्या घरी, रविवारी सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत. कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, एका लेकराची आई असलेली तुमची लेक दिवसभर उभी राहून फासे टाकत होती. तुम्ही असता तर मला हाताला धरून घरी नेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला सांगायचं आहे.

खरं तर मेलेल्या माणसाला काही सांगायची पद्धत आपल्या घरात न्हाई. ती तुम्हीच मोडली. आजी गेली तेव्हा भावकीतले दोघंतिघं म्हणाले, बुद्धाची दीक्षा घेतली ती घेतली, पण म्हातारीसाठी एवढं पान ठेवा, कावळा शिवू द्या. तुम्ही म्हणालात, म्हातारी जिती असताना तिच्या ताटात दोन घास नीट पडतात का हे बघायला कुणी आलं न्हाई, आता कावळ्याला कामून जेवू घालायचं? मेल्यावर माणूस ऐकत न्हाई, जेवत न्हाई, येत न्हाई, जे बोलायचं ते जित्याशी बोला. मग तुम्ही जिते असताना मी तुमच्याशी का बोलले न्हाई, असं विचाराल. बोलू कधी दिलंत? तुमच्यापुढं उभं राहिलं की तुम्ही पहिल्यांदा गणिताचं पुस्तक मागायचात. तेव्हा आता तुमचा नियम मोडूनच बोलते.

माझं पहिलं सैन्य तुम्ही मारलं, अप्पा. मी सातवीत होते. ज्येष्ठातल्या अमावस्येला कानडी घरांत मातीचे बैल करतात, ते बघून मीही ओढ्याकाठची काळी माती ओच्यात घालून आणली. पण बैल न्हाई केले, शिपाई केले. एरंडाच्या काटक्यांचे भाले, चिंचोक्यांच्या ढाली. दोन रांगा झाल्या होत्या आणि एक घोडा, ज्याचा पाय सारखा मोडायचा. उघडीप बघून ते मी भिंतीवर वाळत घातले. तुम्ही तेव्हा भालकीला गवंडीकामावर असायचात, शनिवारी घरी यायचात. आलात, थापी कोपऱ्यात ठेवली, माझ्या पहिल्या चाचणीच्या गुणांचं विचारलंत, मी खाली बघितलं, आणि मग तुम्ही भिंतीकडं बघितलंत. मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही ते सगळे शिपाई घमेल्यात घेतले, वरून पाणी ओतलं, हातानं कालवले, आणि चुलीमागच्या भिंतीला जी भेग पडली होती ती त्या मातीनं बुजवून टाकलीत. वरून थापीनं गुळगुळीत केलंत. म्हणालात, "खेळायची सवड आपल्याला कुणी दिली? आधी शीक. मग बघू." आई म्हणाली, जाऊ द्या, लेकरू हाय. तुम्ही हात धुतलेत आणि गणिताचं पुस्तक मागितलंत.

मी शिकले. तुम्ही सांगितलंत तेवढं शिकले, वर थोडं जास्तच. बीदरला होस्टेलवर राहिले, तुम्ही बसस्टँडवरच्या एसटीडी बूथवरून रविवारी फोन करायचात, आणि मीटर पळतंय म्हणून दोन वाक्यांत संपवायचात. पण ते "मग बघू" कधी आलंच न्हाई. मला नोकरी लागायच्या आधी तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणत पायरीवर बसलात आणि उठला न्हाईत. त्या "मग"ची वाट मी एकटीनं बघितली आणि शेवटी म्हटलं, कुणी सवड द्यायची वाट कशाला बघायची? आपली आपण घ्यायची.

त्या डॉक्टरांकडं खरं तर ह्यांना बोलावलं होतं. तुमचे जावई बँकेत, डॉक्टरांचं खातं त्यांच्याकडं. डॉक्टर पुष्कळ वर्षं इंग्लंडात राहून गावी परतलेले, कानडी घरातले, बोलणं मात्र आपल्याकडच्यासारखं, थोडं कानडी, थोडं दखनी, थोडं मराठी. तिकडून येताना लोकांनी फ्रीज आणले, टीव्ही आणले. डॉक्टरांनी दोन पेट्या भरून शिपाई आणले. घरातल्या हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल, त्याला जोडून दोन जुनी दारं आडवी टाकलेली, वर हिरवी चादर. चादरीखाली उशा सारून टेकड्या केल्या होत्या, निळ्या कागदाची नदी होती, आणि थर्माकोलचा पूल. आमचे हे अर्धा तास बसले, त्यांना नियम ऐकून जांभया यायला लागल्या. मी आत बायकांत बसायचं सोडून टेबलाशी जाऊन उभी राहिले होते. कोणता शिपाई किती इंच चालू शकतो ते टेपनं मोजायचं असतं. डॉक्टरांचा धाकटा भाऊ टेप तिरका धरून मोजत होता. मी म्हटलं, भाऊ, तुमचा टेप तिरका आहे, इंचभर फुकट चाललाय तुमचा घोडा. सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुम्ही बसा. पुढच्या रविवारपासून हे घरी झोपायला लागले आणि खेळायला मी जायला लागले.

काय सांगू तुम्हाला त्याची मजा. एकेका शिपायाचे डोळे रंगवायला शाईच्या निबाचं टोक लागतं. ब्रश डाव्या हातानं उजवं मनगट धरून चालवावा लागतो. मला डॉक्टरांनी भालेकऱ्यांचा एक जथा दिला, बिनरंगाचा. मी ते सगळे घरी नेले आणि स्वयंपाक झाल्यावर ओट्यावर एकेक रंगवला. आपल्याकडच्यासारखे केले, काळपट तांबूस, डोक्याला रुमाल. डॉक्टरांचे सगळे गोरे होते. वकीलसाहेब म्हणाले, हे कुठल्या राज्यातले? मी म्हटलं, भालकी तालुक्यातले. हे वकीलसाहेब चौथे भिडू. साठीचे, उंच, मोठ्या घरचे, आपल्याच तालुक्यात शेती असलेले. "आपल्या मुलखातली बाई" म्हणून माझं त्यांना कौतुक होतं. लग्नानंतरच्या आडनावावरून कुणाला काही कळत न्हाई, आणि मीही कधी आपण होऊन सांगितलं न्हाई. लपवलंही न्हाई, कुणी विचारलंच न्हाई. एवढंच की त्या घरात, त्या टेबलाशी, मला पहिल्यांदा वाटलं की इथं मी कुणाची तरी शिकलेली लेक म्हणून उभी न्हाई, नुसती एक भिडू म्हणून उभी आहे. ती जागा मला सोडायची नव्हती. कोणत्याही कारणानं सोडायची नव्हती.

मग तो मोठ्या लढाईचा रविवार आला. डॉक्टरांनी दुसरी पेटी उघडली, जी आजवर कधी उघडली नव्हती. आत सांगाडे, नुसते सांगाडे. कवट्या, बरगड्या, गंजलेल्या तलवारी, फाटकी निशाणं, आणि काळ्या घोड्यावर एक मांत्रिक, मेलेल्यांना उठवणारा. डॉक्टर मला म्हणाले, मॅडम, ही फौज तुम्ही घ्या, नव्या माणसाला सोपी असते. ही पळून जात न्हाई, हिला भीती न्हाई, नुसतं हाकायचं. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, घाबरता की काय? मी म्हटलं, घाबरत न्हाई, पण मेलेल्यांना हाकत फिरायचं काम मला नको, मला जित्यांच्या बाजूला द्या. त्यांना वाटलं बाईमाणूस आहे, अशुभ वाटत असेल. मी तसंच वाटू दिलं. मेलेल्यांची बाजू डॉक्टर आणि त्यांच्या भावानं घेतली, जित्यांची वकीलसाहेब आणि मी. वकीलसाहेबांकडं घोडेस्वार आणि तोफ, माझ्याकडं पुलासमोर उभे माझे भालेकरी. पूल आपल्या हातात राहिला तर लढाई आपली, असं ठरलं.

पहिल्या हल्ल्यातच माझी पुढची रांग गेली. फासे वाईट पडले. मी पडलेले शिपाई बाजूला आडवे करून ठेवायला लागले, तेवढ्यात वकीलसाहेबांनी टेबलाखालून एक स्टीलचं ताट काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, आता गंमत बघा. ही मेलेल्यांची फौज मैदानात असली की आपले जे मरतात त्यांना त्यांचा मांत्रिक उठवतो आणि आपल्यावरच सोडतो. तेव्हा ज्याचे मेले त्यानं आपले मेलेले ताटात घालायचे, टेबलाला वळसा घालून पलीकडं न्यायचे, आणि मांत्रिकापुढं ठेवायचे. डॉक्टरांच्या इंग्लंडातल्या मंडळींची ही पद्धत, म्हणाले, आणि आम्हीपण तीच पाळतो. आणि मग अगदी सहज, चष्मा पुसत म्हणाले, "उचला मॅडम. तुमचं काम आहे ते. रिवाज आहे."

ताट माझ्या हातात होतं, अप्पा, आणि मी पाचवीत होते. तुम्ही जेवायला बसला आहात. उन्हाळा आहे, आंबाडीची भाजी आहे, आई भाकरी थापायलीय. बाहेर मोठ्या घरचा गडी काठी टेकून लांबच उभा राहतो आणि ओरडतो, मालकाचा बैल मेलाय, वढायला चला. तसा तो ओरडला की आजोबा दोरी घेऊन उठायचे. गावातलं मेलेलं ओढायचं, आणि कुणी माणूस मेला की त्याच्या पाव्हण्यांच्या गावी उन्हातान्हात चालत निरोप घेऊन जायचं, हे आपल्या घरावर होतं. दीक्षा घेऊन किती वर्षं झाली होती तरी गाव विसरलं नव्हतं आणि आपल्यातलीही दोन घरं अजून जात होती. तुम्ही उठला न्हाईत. घास चावत राहिलात. गडी परत ओरडला. मग दुपारी मालक स्वतः आला, आपल्या दारात कधी न येणारा, आणि म्हणाला, कारं, ऐकू येईना का? तुम्ही बाहेर गेलात. मी दाराआड उभी. तुमचा आवाज चढलेला नव्हता. म्हणालात, "बैल तुमचा. जिता व्हता तवा तुमच्यासाठी राबला. मेल्यावर बी तुमचाच हाय. तुमी वढा." तो म्हणाला, रिवाज हाय गावचा. तुम्ही म्हणालात, "असंल. माझा न्हाई."

बैल दोन दिवस पडून राहिला. वारा सुटला की वास आपल्या गल्लीपर्यंत यायचा. शेवटी त्यांनी ट्रॅक्टर लावला. त्यानंतर चक्कीवाला म्हणाला पट्टा तुटलाय, दुकानदार म्हणाला साखर संपली, आणि गावात कुणाच्या भिंतीला गवंडी लागेनासा झाला. तुम्ही थापी पिशवीत घातलीत आणि भालकीला गेलात. आई मला चक्कीसाठी शेजारच्या गावी पाठवायची, डोक्यावर डबा घेऊन. मला तेव्हा तुमचा राग यायचा. एक बैल ओढला असता तर काय झालं असतं, असं मी एकदा म्हणाले, तेव्हा आईनं माझ्याकडं असं बघितलं की परत कधी तोंड उघडलं न्हाई.

तर ते ताट. मी ते टेबलावर ठेवलं. म्हटलं, मी उचलणार न्हाई. वकीलसाहेबांना वाटलं मला नियम कळला न्हाई, त्यांनी परत समजावला. मी म्हटलं, कळला, पण मी माझे मेलेले त्यांच्याकडं वाहून नेणार न्हाई, ज्यांना पाहिजेत त्यांनी येऊन न्यावेत. डॉक्टरांचा भाऊ हसायला लागला. वकीलसाहेब म्हणाले, अहो, खेळ आहे हो. आणि मी भ्याले होते, खोटं कशाला बोलू. मला दिसत होतं की आता बोलले तर ही जागा जाईल. रंगवलेले शिपाई जातील, रविवार जाईल, "मॅडम, तुम्ही बसा" जाईल. हसून ताट उचललं असतं तर कुणाला काही कळलंसुद्धा नसतं. पण तुम्ही उन्हात दारात उभे होतात आणि माझ्या तोंडून आलं, "खेळ आहे म्हणूनच सांगते. खेळात तरी मला हे काम लावू नका. आमच्या घरावर गावाचं मेलेलं ओढायचं काम होतं. माझ्या अप्पांनी ते सोडलं, त्यापायी त्यांचं गावातलं काम गेलं. मी ते ह्या टेबलावर परत सुरू करणार न्हाई."

एवढ्या वर्षांत मी हे कुठंच बोलले नव्हते, स्टाफरूममध्ये न्हाई, चाळीत न्हाई, आणि आता बोलले ते खेळातल्या शिपायांपायी. मला वाटलं होतं की बोलल्यावर रडू येईल. रडू न्हाई आलं. उलट मान वर झाली आणि तशीच राहिली. डॉक्टर उठले, पूर्ण टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले, जाड अंगाचा माणूस, गुडघे वाजले त्यांचे वाकताना, आणि माझा एकेक पडलेला भालेकरी त्यांनी स्वतःच्या हातानं उचलून तळहातावर घेतला. म्हणाले, "बरोबर आहे. उठवणार मी, तर उचलायला पण मीच पाहिजे." आणि तसेच तळहातावर घेऊन परत गेले. ताट तिथंच राहिलं. त्या दिवसापासून त्या टेबलाचा तोच नियम झाला, आजपण तोच आहे.

मधे चहा आला, मुरमुऱ्यांचा सुसला आला. डॉक्टरांच्या बायकोनं दाण्याचं कूट घालून इतका चांगला केला होता की मी दोनदा घेतला. लढाईत भूक लागते. वकीलसाहेब शेजारी येऊन बसले. विचारलं, वडील काय करायचे म्हणालात? मी म्हटलं, गवंडी होते. गाव कोणतं? मी गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, अच्छा, अच्छा. आणि बशी घेऊन खिडकीशी गेले. त्या अच्छामध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही जन्मभर ते ऐकलंत. पहिल्यांदाच माझ्या नावापुढं "आपल्या मुलखातली" लागलं न्हाई.

चहानंतर वकीलसाहेबांनी त्यांचे सगळे घोडेस्वार उचलले आणि मागच्या टेकडीवर नेऊन ठेवले. माझी उजवी बाजू उघडी पडली. मी म्हटलं, साहेब, पूल एकटीनं कसा धरू? ते म्हणाले, मॅडम, मोठा डाव बघायचा असतो, पूल गेला तरी चालेल, तोफ वाचली पाहिजे. डाव असेलही. मला ठाऊक न्हाई आणि आता ठाऊक करून घ्यायचंही न्हाई. समोर सांगाड्यांच्या रांगा, त्यांत माझेच मेलेले उठून आलेले, उजवीकडं कुणी न्हाई, आणि नियम असा की जित्यांच्या फौजेनं दर फेरीला फासा टाकून बघायचं, धीर टिकला की पळाली. मेलेल्यांना तो फासा नसतो. त्यांना धीर लागत न्हाई, कारण त्यांना काही गमवायचंच नसतं. भ्यायचं, आणि भिऊन उभं राहायचं, हे जित्यालाच करावं लागतं. मी माझे उरलेले भालेकरी एका ओळीत न ठेवता दोन ओळींत ठेवले, मागचा शिपाई पुढच्या दोघांच्या फटीसमोर. विटांच्या सांध्यावर सांधा येऊ द्यायचा न्हाई, हे तुमचं. बाकी सगळं माझं.

तुम्ही बघायला पाहिजे होतं. ते यायचे, मी पाडायचे, मांत्रिक उठवायचा, ते परत यायचे. माझाच एक भालेकरी, ज्याचा रुमाल मी पिवळा रंगवला होता, माझ्यावर तीनदा चालून आला आणि तिन्ही वेळा मी त्याला आडवा केला. तिसऱ्यांदा फासा टाकताना मी मोठ्यानं म्हणाले, आता पडून राहा बाबा, झालं तुझं काम. डॉक्टरांचा भाऊ, जो सकाळी हसला होता, तो आता खेळ सोडून माझ्या फाशांकडं बघत होता. दर फेरीला धीराचा फासा टाकायचा, आणि दर फेरीला मी तो मुठीत धरून तुमच्याशी नव्हे, त्या मेलेल्यांशी बोलायचे, या रे, या, किती येता बघू. हरामखोरांनो असं पण म्हटलं एकदा. डॉक्टरांची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

दिवे लागले तेव्हा पुलावर माझे चार शिपाई उरले होते आणि एक निशाणवाला. पण पूल आमचा होता. मांत्रिक पलीकडंच राहिला. डॉक्टर म्हणाले, ठरल्याप्रमाणं लढाई जित्यांची. वकीलसाहेबांनी टेकडीवरून न हललेले घोडेस्वार पेटीत भरत डॉक्टरांशी हात मिळवला आणि म्हणाले, चांगली खेळी झाली आपली. आपली म्हणाले. मी माझे शिपाई कापसात गुंडाळत होते, आणि खरं सांगायचं तर मला हसू आवरत नव्हतं.

शनिवारी वकीलसाहेबांचा मोबाईलवर फोन आला. म्हणाले, मॅडम, ह्या रविवारी जरा घरगुतीच बसतोय, तुम्ही पण दमला असाल, पुढं कधीतरी कळवतो. आवाज अगदी गोड. मी म्हटलं, मी दमले न्हाई. ते म्हणाले, तसं न्हाई हो, सगळ्यांना मोकळं वाटलं पाहिजे ना. मी म्हटलं, मला मोकळंच वाटतंय. आणि फोन ठेवला. हे बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, जाऊ दे, नको जाऊस, कशाला अपमान करून घ्यायचा, आपल्याला काय कमी आहे. भला माणूस आहे तुमचा जावई, पण त्याला वाटतं की न जाणं म्हणजे मान राखणं. मी सकाळी भात लावला, लेकराला न्हाऊ घातलं, खोका काखेत घेतला आणि गेले. दार डॉक्टरांनीच उघडलं. म्हणाले, उशीर झाला आज, चला लवकर. त्यांना त्या फोनचं काही ठाऊकच नव्हतं. वकीलसाहेब टेबलाशी बसले होते. मी समोरची खुर्ची ओढली, खोका उघडला, आणि म्हटलं, साहेब, आज तुम्ही कोणाच्या बाजूला? त्यांनी टेप उचलला आणि टेकडीची उंची मोजायला लागले. त्यानंतर वर्षभर ते त्या टेबलाशी आले आणि मीही आले. मग त्यांनी यायचं सोडलं. मी अजून जाते.

आता हे पत्र टाकायचं कुठं? तुमचा पत्ता कुणाकडं न्हाई, आणि तुम्हीच सांगितलंत की मेल्यावर माणूस ऐकत न्हाई. ते खरंच असणार. मी हे घडी घालून ठेवीन, तेवढंच. पण एक राहिलं. फोन येऊनही त्या रविवारी मी का गेले, हे मला ह्यांनी विचारलं, आईनं विचारलं, आणि आपल्या गल्लीतल्या पोरींना मी ही गोष्ट सांगते तेव्हा त्याही विचारतात. मी सगळ्यांना सांगते की अप्पांचा मान होता, मागं फिरले असते तर त्यांनी केलेलं सगळं फुकट गेलं असतं. ऐकून आईचे डोळे भरतात. ते खोटं आहे, अप्पा. डॉक्टरांच्या घराचा जिना चढताना मला तुमची आठवणसुद्धा नव्हती. मला खेळायचं होतं.